फाट्यावरचा हॉर्न

आत्याच्या गावी सकाळी नऊच्या सुमारास येणारी एसटी निळी असते. तिच्या अंगावर ‘मानव विकास’ असं लिहिलेलं आहे, पण जालना जिल्ह्यातल्या त्या गावात तिला या नावानं कोणी ओळखत नाही. ती पोरींची गाडी. २०२४ च्या नोव्हेंबरात सातबाऱ्यावरच्या एका नावाच्या दुरुस्तीसाठी मला तालुक्याला जायचं होतं आणि त्या वेळेला दुसरी गाडी नव्हती. मी पायरीवर पाय ठेवला तर कंडक्टर म्हणाले, “ताई, आधी ह्या पोरी बसू द्या, मग तुम्ही.” मी बाजूला झाले. निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या पाच-सहा जणी दप्तरं पोटाशी धरून चढल्या आणि आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन बसल्या. मला पुढचं, ड्रायव्हरच्या मागचं बाकडं मिळालं. आत खोबरेल तेलाचा वास होता, डब्यातल्या लसणाच्या ठेच्याचा वास होता आणि उघड्या खिडक्यांतून कापसाच्या रानाचा तो कोरडा, नाकात धूळ बसवणारा वास येत होता. तूर फुलावर आलेली. दोन्ही बाजूंना वेचणीला निघालेल्या बायका, कमरेला ओट्या बांधलेल्या. गाडी प्रत्येक फाट्याच्या अलीकडे दोनदा हॉर्न द्यायची आणि त्या हॉर्नसरशी आतल्या पायवाटेनं पोरी पळत यायच्या. कोणाच्या हातात रिबीन, कोणाची एक वेणी घातलेली आणि दुसरी सुटी. कंडक्टर मामा दारात उभे राहून बोटानं मोजायचे. वही नाही, यादी नाही. ओठ हलायचे तेवढे.

चौथ्या की पाचव्या फाट्यावर गाडी थांबली. तिथं एक बाभूळ आहे, तिच्याखाली दगड रचून केलेला ओटा आणि मागं उतारावर दहा-बारा घरांची वस्ती. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. कोणी आलं नाही. पुन्हा दिला. मामा खाली उतरले, वस्तीकडे बघत उभे राहिले, घड्याळ बघितलं, परत चढले. “ती कुठंय गं? कालबी नव्हती.” गाडीत मघापासून चाललेली कुजबूज एकदम थांबली. सगळ्या जणी खिडकीबाहेर बघायला लागल्या, जणू बाहेर काहीतरी आहे. मग मागच्या बाकड्यावरून एक बारीक आवाज आला, “ती नाही येणार मामा. सुपारी फुटली तिची.” मामांनी ‘हं’ पण म्हटलं नाही. घंटीची दोरी दोनदा ओढली आणि गाडी निघाली. माझ्या पुढच्या आरशात मला ड्रायव्हरचे डोळे दिसत होते. त्यांनी एकदा मागं वळून वस्तीकडे बघितलं आणि गिअर टाकला.

मी काहीच बोलले नाही.

हातात फोन होता. १०९८ हा संकटातल्या लेकरांसाठीचा मदतीचा नंबर मला पाठ आहे. अठराच्या आतल्या मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे, गावात ग्रामसेवकाकडे ते थांबवण्याचा अधिकार असतो, हे सगळं मला माहीत होतं. आणि मी आरशात बघत बसले. तालुक्याच्या स्टँडवर उतरून मी तलाठी कार्यालय गाठलं, रांगेत उभी राहिले, अर्ज दिला, चहा घेतला. संध्याकाळी परत आले तेव्हा आत्या अंगणात शेंगा सोलत बसली होती. तिला सांगितलं तर तिनं मान वर केली नाही. म्हणाली, “त्या वस्तीवरची ना? आईबाप कोयत्यावर गेलेत तिचे. घरी म्हातारी एकटी. वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवतील?” मी म्हटलं, मग फोन करते मी. आत्या म्हणाली, “कर की. तू फोन करशील अन् निघून जाशील बाई. ते लेकरू हितंच हाय.”

ज्यांनी मराठवाड्यातली दसऱ्यानंतरची गावं पाहिली आहेत त्यांना कोयता म्हणजे काय ते सांगायला नको. कोयता म्हणजे ऊस तोडायचं हत्यार आणि कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवराबायकोची जोडी. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला देतो. एकट्या पोराला पुरी उचल मिळत नाही. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीत भरायची. म्हणून घरात पोरगा कामाला आला की सून बघायला लागतात, आणि कारखान्याचं धुराडं पेटायच्या आधी बघायला लागतात. पोरीच्या बाजूनं बघितलं तर आईबाप पाच-सहा महिने सातारा, कोल्हापूर, कर्नाटकात कुठेतरी पालात राहणार. पोरीला बरोबर न्यावी तर शाळा सुटते, आणि फडात तिला कोणाच्या नजरेआड ठेवायची? मागं ठेवावी तर म्हातारीच्या जिवावर. दोन्हीकडून विचार करून आईबाप जिथं येऊन पोचतात ते ठिकाण मला पटत नाही, पण ते तिथपर्यंत कसे पोचतात हे समजतं. अशा लेकरांसाठी गावोगावी हंगामी वसतिगृहं निघतात: लेकरांनी गावातच राहायचं, आजीकडे किंवा चुलत्याकडे, आणि दोन वेळचं जेवण शाळेच्या आधारानं मिळायचं. ज्या गावात ती दिवाळीच्या आधी सुरू होतात तिथं लेकरं थांबतात. जिथं मंजुरी येईस्तोवर ट्रॅक्टर निघून गेलेला असतो, तिथं तेल-मीठ घेऊन बसलेल्या स्वयंपाकिणीसमोर जेवायला कोणी नसतं.

दोन दिवसांनी मी घरून, संभाजीनगरहून, १०९८ ला फोन लावला. पलीकडची मुलगी शांतपणे विचारत होती. जिल्हा? सांगितला. तालुका? सांगितला. गाव? मी म्हटलं, गाव नाही, वस्ती आहे, अमुक फाट्यावर, बाभळीच्या मागं. तिनं ते लिहून घेतलं असावं. मग विचारलं, “मुलीचं नाव काय?”

मला नाव माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून मला सारखी आत्याची हजेरी आठवते. आत्या साठीच्या पुढे गेली आहे, पण रेशनच्या रांगेत, दवाखान्यात, कुठेही कोणी ‘चौदा नंबर’ म्हणून पुकारलं की तिची मान आपोआप वर होते. सातवीत तिचा हजेरीपटावरचा नंबर चौदा होता. ते वर्ष १९७२ चं. आमच्याकडे आजही लोक ‘दुष्काळ’ म्हणाले की त्याच वर्षाबद्दल बोलत असतात, इतर दुष्काळांना साल जोडावं लागतं. आत्या सांगते, सकाळी शाळा आणि दुपारनंतर आईबरोबर खडी फोडायला. शाळेत राहायचं कारण बाईंचं शिकवणं नव्हतं, सुकडी होती. भाजलेल्या गव्हाच्या पिठाचा, गुळाचा, शेंगदाण्याचा तो वास तिला अजून येतो. ती ओंजळीत घेऊन चाटत चाटत घरी जायची म्हणजे वाटेत संपणार नाही. पाऊस पडला, दुष्काळ संपला, सुकडी संपली, सातवी संपली. आठवीची शाळा सात किलोमीटरवर. तिच्या मागून दोन वर्षांनी माझे बाबा सातवी झाले. त्यांना आजोबांनी पत्र्याची पेटी घेऊन दिली, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव लिहून घेतलं आणि तालुक्याच्या बोर्डिंगात नेऊन सोडलं. त्याच घरातून, त्याच सात किलोमीटरवर. आत्याला त्याबद्दल बोलताना मी कधी कडवट झालेली पाहिलं नाही. फक्त एकदा, बाबांच्या तेराव्याला पै-पाहुणे गेल्यावर, ती त्या पेटीवरून हात फिरवत म्हणाली होती, “पेटी एकच आणली होती.”

बोर्डिंगनं बाबांचं काय केलं असेल ते त्यांनी आम्हाला कधी नीट सांगितलं नाही. पिवळी ज्वारी, पाण्यासारखी आमटी आणि रात्री कंदिलाभोवती आठ डोकी, एवढंच यायचं बोलण्यात. पण भाऊराव पाटलांचं नाव निघालं की ते सरळ होऊन बसायचे. साताऱ्याला १९२४ साली त्यांनी वसतिगृह काढलं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली, आणि पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्र मोडलं. हे प्रत्येक मराठी घरात सांगितलं जातं. बाबा मात्र ते सांगताना दागिन्यांवर थांबायचे नाहीत. ते म्हणायचे, त्या माउलीला कोणत्या पोराला ताप आहे, कोण रात्री रडतो हे माहीत असायचं. आमच्या बोर्डिंगात असं कोणी नव्हतं. जेवण होतं, छप्पर होतं, पण एखादा पोरगा रविवारी घरी जाऊन सोमवारी आलाच नाही तर त्याचं ताट दोन दिवस तसंच लावलं जायचं आणि तिसऱ्या दिवशी बंद व्हायचं.

पुढे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाले. १९९५ साल. त्या वर्षी तांदळाची योजना आली. महिन्याला तीन किलो तांदूळ, पण ज्याची हजेरी ऐंशी टक्के त्यालाच. महिनाअखेरीला शाळेच्या व्हरांड्यात पोती उघडली जायची आणि बाबांना मदत म्हणून मी तराजू धरायचे. पोत्याच्या तागाचा वास, तांदळात फिरणारे काळे सोंडे, पोरांनी आणलेल्या पिशव्या: कोणाची खताची, कोणाची उशीचा अभ्रा. एका मुलीनं आईचा परकर खाली गाठ मारून आणला होता. बाबा शेजारी हजेरीपट घेऊन बसायचे आणि माझ्याकडे न बघता आकडा सांगायचे. कापूस वेचणीच्या महिन्यात निम्म्या पोरींची हजेरी पन्नासच्या आत असायची. ज्या घराला तांदळाची सर्वांत जास्त गरज, त्याच घरची पोर वेचणीला जाणार आणि तिलाच तांदूळ मिळणार नाही, असा तो हिशेब होता. बाबांनी दोन महिने नियमानं वाटले. तिसऱ्या महिन्यात, आदल्या रात्री, ते कंदिलाशी नाही, ट्यूबलाइटखाली हजेरीपट उघडून बसले होते आणि पेन टेकवून तसेच थांबले होते. मी पाणी द्यायला गेले तर त्यांनी पान झाकलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तांदूळ मिळाले.

मी तेव्हा त्यांचा अभिमान वाटून घेतला. आता नक्की सांगता येत नाही. न आलेल्या पोरीला हजर दाखवलं की तिला तांदूळ मिळतो, आणि ती आली नव्हती हे कागदावरून पुसलं जातं. वरून बघणाऱ्याला ती शाळेतच दिसते. मग तिला वेचणीतून आणायला कोण जाणार? बाबा जायचे, हेही खरं. सायकलवर जायचे, रानाच्या बांधावर उभे राहून नावानं हाक मारायचे. पण सगळ्या शाळांत सगळे मास्तर बांधावर गेले नाहीत आणि हजेरीपट मात्र सगळीकडे भरले. मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता द्यायची योजनाही त्याच काळातली, १९९२ ची. पहिली ते चौथीच्या, गरीब घरच्या, दलित-आदिवासी-भटक्या समाजातल्या मुलींना वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. तेव्हा रुपयाला दोन पेन्सिली यायच्या किंवा मूठभर फुटाणे. ज्यांनी तो रुपया ठरवला त्यांनी नक्की कोणातरी आईच्या हिशेबात शिरून ठरवला असणार, असं मला अजून वाटतं. वाईट याचं वाटतं की पुढची तीस वर्षं तो रुपयाच राहिला. पेन्सिलीचं काय झालं ते कोणी पाहिलं नाही.

तांदूळ घरी नेण्याऐवजी शाळेतच शिजवून द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २८ नोव्हेंबर २००१ ला दिला, आणि मला वाटतं आपल्या शाळांच्या इतिहासात याच्याइतका वासाचा दिवस दुसरा नसेल. आधी शाळेला खडूचा, ओल्या पाटीचा, मुतारीचा वास होता. आता अकराच्या सुमारास फोडणीचा वास यायला लागला. बाबा निवृत्तीच्या आधी काही वर्षं त्या वासात राहिले. ते सांगायचे, अकरा वाजले की चौथीच्या वर्गाचं भागाकारातलं लक्ष उडतं, म्हणून भागाकार मी पहिल्या तासाला नेला. माणशी शंभर ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक, बारा ग्रॅम प्रथिनं, असं पाचवीपर्यंतच्या लेकराचं मोजमाप कागदावर आहे. पण शिजवणाऱ्या मावशीचं मोजमाप वेगळं असतं. बाबांच्या शाळेतली मावशी सोमवारी जास्त टाकायची. का, तर रविवारी काही घरांत चूल एकदाच पेटते, सोमवारी लेकरं हावऱ्यासारखी जेवतात. एखादं पोर रोज दुसऱ्यांदा ताट पुढे करणारं अचानक करेनासं झालं की ती हेडमास्तरांच्या आधी ओळखायची की पोराला ताप आहे, किंवा घरात मार बसला आहे. तिच्यासारख्यांना आज महिन्याला अडीच हजार रुपये मानधन आहे. लेकराकडे बघण्याचे त्यात किती येतात कोण जाणे, पण ती बघते. २०२३ च्या शेवटी आठवड्यातून एक अंडं सुरू झालं तेव्हा आत्याच्या गावच्या मावशीनं मला सांगितलं होतं की पोरं अंडं सोलायला अर्धा तास लावतात, संपू नये म्हणून. २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारनं त्याचे पैसे देणं थांबवलं. ज्यानं ती सही केली असेल त्यानं एकदा तो अर्धा तास बघायला हवा होता, एवढंच मला मनापासून वाटतं.

पण जेवण आठवीला संपतं आणि खरी गळती तिथूनच सुरू होते. आठवीची शाळा आत्यासाठी जितकी लांब होती तितकीच आजही आहे. रस्ता डांबरी झाला, अंतर तेच राहिलं. निळी गाडी त्यासाठी आहे. मागास ठरलेल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलीला सायकल, त्याच्यापुढच्यांना गाडी. सायकलीला आता पाच हजार रुपये मिळतात. त्यातले काही आधी खात्यावर येतात, उरलेले पावती दाखवल्यावर. मधल्या फरकाचे पैसे ज्या बापाकडे नाहीत त्याची पोर पावती कुठून आणणार, हा प्रश्न कोणाच्या तरी लक्षात यायला हवा होता. आणि सायकल जुलैत हातात पडली तर ती सायकल असते. फेब्रुवारीत पडली तर पोर आधीच चालून चालून थांबलेली असते, आणि मग त्या सायकलवर भाऊ दूध घालायला जातो. तरीही, जूनच्या पहिल्या पावसात गुडघ्यापर्यंत चिखल उडवत एकामागून एक चाललेल्या सहा-सात सायकली मी पाहिल्या आहेत, पुढची मोठ्यानं पाढे म्हणत होती आणि मागच्या साथ देत होत्या, आणि ते बघून मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून उभी राहिले होते. आत्या बरोबर होती. तिनं काच खाली केली आणि त्या दिसेनाशा होईपर्यंत वर केली नाही.

गाडी सायकलपेक्षा वेगळी एका गोष्टीनं. सायकल मुलीची असते, ती आली नाही तर सायकलीला कळत नाही. गाडीत कंडक्टर असतो, ड्रायव्हर असतो, बरोबरच्या पोरी असतात. त्या मामांच्या कामाच्या कागदावर ‘पोरी मोजणे’ असं कुठे लिहिलेलं नसणार. त्यांनी पाससुद्धा बघायचा नाही असं ठरवलेलं दिसत होतं. मुलींचा पास सरकारकडून फुकट असतो, तो दाखवायला लावून उशीर कशाला. पण ते मोजत होते आणि एक कमी पडली तर त्यांना कळत होतं. तिच्या शाळेतही कळलं असेल, पटावर नोंद झाली असेल, पण त्या फाट्यावर दोन मिनिटं थांबून तिची वाट फक्त त्या गाडीनं पाहिली. वाट पाहणारं कोणीतरी आहे म्हणून पळत यायचं, एवढ्यावर किती जणींची दहावी झाली असेल.

आणि गाडी नसली की काय होतं, तेही आपण बघितलं आहे. करोनात दीड वर्ष बंद राहिलेल्या शाळा २०२१ च्या ऑक्टोबरात कुठे उघडत होत्या, तेवढ्यात दिवाळीच्या आसपास एसटीचा संप सुरू झाला. कर्मचाऱ्यांचं दुःख खरं होतं. तुटपुंज्या, वेळेवर न होणाऱ्या पगारापायी त्यांच्यातल्या काहींनी जीव दिला होता. संप एप्रिलपर्यंत चालला. त्या महिन्यांत आत्या फोनवर मला गावच्या बातम्या सांगायची आणि प्रत्येक फोनमध्ये एक लग्न असायचं. मोठ्या मंडपाची नव्हेत. पंचवीस माणसांत, देवळात, भल्या पहाटे. वाहतूक सुरू झाली तेव्हा त्या रस्त्यावर दोन गाड्यांच्या पोरी एका गाडीत मावत होत्या. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांमागे जवळपास बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. शेजारच्या परभणीत अठ्ठेचाळीस. हा आकडा मी भाषणांत ऐकला होता, लेखांत वाचला होता. त्या सकाळी तो पहिल्यांदा बाभळीखालच्या रिकाम्या ओट्यासारखा दिसला.

निळी गाडी फाट्यापर्यंत जाते. फाट्यापासून घरापर्यंतचं अंतर तिच्या हद्दीत नाही. हे मला त्या दिवशी फार लागलं होतं, एवढं सगळं करून शेवटी काय, असं वाटत राहिलं. पण आत्याला मी हे बोलून दाखवलं तेव्हा ती जवळजवळ रागावली. म्हणाली, “सतरा पोरींतल्या सोळा गेल्या ना त्या दिवशी? माझ्या टायमाला एकबी गेली नव्हती.”

आत्यानंच नाव काढलं. हळदी-कुंकवाचं निमित्त करून ती त्या वस्तीवर गेली, म्हातारीजवळ बसली, आणि संध्याकाळी मला फोनवर नाव, वय, इयत्ता सांगितली. दहावी. सोळावं लागायला दोन महिने. बोर्डाचा फॉर्म भरलेला. नाव मी इथं लिहीत नाही, पण ते माझ्या तोंडपाठ आहे. मी पुन्हा १०९८ लावला, या वेळी सगळं सांगितलं. दोन माणसं वस्तीवर जाऊन आल्याचं आत्याकडून कळलं. घराला कुलूप होतं. पोरीला आईबापाकडे फडावर नेलं, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. कुठल्या कारखान्याला, ते कोणी सांगितलं नाही. पहिल्या फोनपासून दुसऱ्यापर्यंत नऊ दिवस गेले होते. मामांनी विचारलं तेव्हाच मी मागं वळून त्या बारीक आवाजाच्या मुलीला विचारलं असतं, तर नाव तिथंच मिळालं असतं. हे नऊ दिवस मी रोज मोजते.

मी पुन्हा त्या गाडीत बसले ते त्यानंतरच्या जुलैत. सातबाऱ्यावरची दुरुस्ती झाली होती, उतारा घ्यायचा होता. गाडी तीच, मामा तेच, थोडे वाळलेले. मी अर्धं तिकीट काढलं आणि त्यांना त्या मुलीबद्दल विचारलं. त्यांना आठवायला क्षणही लागला नाही. “परीक्षेला नव्हती आली ताई. मी शाळेत विचारलं होतं. हॉल तिकीट तसंच पडून होतं.” मग मशीन काखेत धरून ते खिडकीबाहेर बघत राहिले. रात्रभर पाऊस झाला होता. कापूस वीतभर आलेला, काळ्या मातीचा वास सबंध गाडीत भरलेला आणि पोरींच्या ओल्या चपलांनी खालचा पत्रा चिकट झालेला.

बाभळीचा फाटा आला. मला वाटलं, आता इथं गाडी थांबणार नाही. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. ओट्यावर खताच्या गोणीची घोंगशी डोक्यावर घेऊन एक लहानखुरी मुलगी उभी होती, हॉर्नच्या आधीपासून. चढताना तिचा पाय पायरीवरून घसरला तर मामांनी दंडाला धरून वर घेतली. आठवीची. शाळेत नवी. तिच्या नाकाडोळ्यांत मी काहीतरी शोधत होते, वस्ती दहा-बारा घरांचीच आहे. पण विचारलं नाही. तिला बसायला जागा नव्हती म्हणून मी सरकले आणि ती माझ्या बाकड्याच्या टोकाला, दप्तर मांडीवर घेऊन, पाणी गळत बसली. या वेळी मी नाव विचारलं. तिनं आधी नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव असं हजेरी दिल्यासारखं सांगितलं. मी तिकीट उलटं करून मागं लिहून घेतलं.

मामांनी ते पाहिलं. “कशाला लिहिलं ताई?”

“असू द्या,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, दोरी दोनदा ओढली आणि बाकड्यांच्या कडा धरत धरत मागं गेले. त्यांचे ओठ हलत होते.